विहिरीवरचे अठरा आकडे

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, ‘गुरुजी, शाळेतल्या गमतीजमती लिहून पाठवा, हलकंफुलकं हवंय.’ गमती माझ्याकडं पोत्यानं आहेत. औरंगाबादच्या क्रांती चौकाजवळ सकाळी आम्ही पाच-सात निवृत्त मास्तर चहाला जमतो, तिथं मी त्या रोज सांगतो आणि त्याच त्या सांगतो म्हणून मंडळी माझी टिंगलही करतात. पण एक गोष्ट मी तिथं कधी काढली नाही. ती उणे संख्यांची आहे, एका विहिरीची आहे, आणि माझ्या वर्गातल्या सरू नावाच्या मुलीची शाळा माझ्यामुळं कशी सुटली त्याची आहे. ज्यांना हलकंफुलकं हवं असेल त्यांनी पान उलटावं, माझा राग नाही.

आधी कामाविषयी थोडं सांगतो. सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या माणसाची खरी परीक्षा उणे संख्यांना होते. पाचातून दोन गेले तर तीन, हे लेकराला बोटांवर दाखवता येतं. दोनातून पाच काढा म्हटलं की ते तुमच्याकडं असं बघतं की मास्तरला ऊन लागलं असावं. पुस्तकात या संख्यांना ऋण म्हणतात. ऋण म्हणजे काय ते आमच्या पोरांना घरीच पाठ असायचं, त्याची आठवण शाळेतही कशाला, म्हणून मी वर्गात ‘उणे’ हाच शब्द वापरला. बहुतेक मास्तर काय करायचे, तर फळ्यावर चार नियम लिहायचे आणि छडी घेऊन पाठ करून घ्यायचे. उणे गुणिले उणे अधिक. का, ते विचारायचं नाही. मीही पहिली चार वर्षं तेच केलं. पोरं पास व्हायची आणि पुढच्या वर्षी सगळं विसरायची.

मग देवगाव रंगारीपासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावी माझी बदली झाली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या बायका चिंचोके फोडून त्यांची अर्धुकं करायच्या आणि दुपारच्या खेळायच्या. अर्धुकाची एक बाजू काळपट, दुसरी पांढरी. ते बघून माझ्या डोक्यात खेळ आला. दहा अर्धुकं मुठीत घ्यायची आणि फेकायची. पांढरं पडलं तर अधिक एक, काळं पडलं तर उणे एक. एक पांढरं आणि एक काळं मिळून फिट्टंफाट, ती जोडी उचलून डब्यात. उरतील तेवढं आपलं दान. सात काळी आणि तीन पांढरी पडली तर तीन जोड्या गेल्या, चार काळी राहिली, म्हणजे उणे चार. शाळेच्या अंगणात फक्कीनं लांब पट्टा आखला होता, मधोमध शून्य. उणे चार दान पडलं की पोरानं चार घरं मागं सरकायचं, तेही पाठ न वळवता. पोरं एकमेकांवर आपटायची. शेजारच्या वर्गाचे मास्तर म्हणायचे, तुमच्याकडं गणित चालू आहे की यात्रा भरली आहे.

सगळ्यात अवघड असतं ते उण्यातून उणे वजा करणं. हातात तीन काळी आहेत, त्यातून पाच काळी काढ म्हटलं तर काढणार कुठून? मग मी डब्यातून दोन जोड्या द्यायचो. एक काळं, एक पांढरं, अशी जोडी घेतल्यानं दान बदलत नाही, हे पोरांना खेळून माहीत झालेलं असायचं. आता हातात पाच काळी झाली. ती काढली. उरली दोन पांढरी. उणे तीनातून उणे पाच गेले, अधिक दोन राहिले. छडीला हात न लावता हे कळलेलं पोर कसं हसतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या नोकरीत आणखी काय मिळतं ते सांगायला नको. मला या खेळाचा गर्व होता. होता म्हणजे आजही आहे, खोटं कशाला बोलू.

सरू त्या वर्गात होती. तिचे वडील बिरूआप्पा मेंढ्या राखायचे. दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरांबरोबर खाली गोदाकाठाकडं निघायचं, ते मिरगाच्या आधी परत. अशा घरातलं लेकरू हजेरीपटावर निम्मं वर्ष असतं, निम्मं नसतं. सरूच्या बाबतीत मी आप्पांच्या पालावर जाऊन बसलो. पोरीला तिच्या आत्याकडं, कोंडाबाईकडं, गावातच ठेवा म्हणालो. सातवी होऊ द्या, मग औरंगाबादला मुलींच्या वसतिगृहात तिची सोय करतो, फॉर्म मी भरतो. आप्पा बराच वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिले. मेंढ्या ते विसाविसानं मोजायचे, बोलणंही तसंच एकेक तुकडा मोजून.

“मास्तर, मला त्यातलं कळत नाय,” ते म्हणाले. “तुमच्या जबानीवर ठिवतो. सातवीपातूर. पन पोरीच्या नावानं गावात एक शब्द निघाला, तर म्या इचारनार नाय काय झालं, कसं झालं. घिऊन जाईन.”

मी हो म्हणालो. सरू आत्याकडं राहिली. आता तिची शाळा माझ्या शब्दावर होती.

पोरगी किती हुशार होती हे मास्तरच्या तोंडून ऐकण्यात अर्थ नाही, प्रत्येक मास्तरकडं अशी एक असतेच. एवढंच सांगतो की चुकीचं तिला सोसायचं नाही. मी फळ्यावर घाईत एखादं चिन्ह गाळलं की मागच्या रांगेतून आवाज यायचा, गुरुजी, उणं राहिलं. वर्ग हसायचा, मी चिन्ह घालायचो. पहिल्यांदा जोडी फिट्टंफाट करून दाखवली तेव्हा तिनं विचारलं होतं, काळं अन् पांढरं डब्यात गेलं, पण संपलं का? संपलं नाही, शून्य झालं, असं काहीतरी मी म्हणालो. तिला ते पटलं नव्हतं.

शाळेच्या मागं एक जुनी पायविहीर होती. काळ्या दगडाची, वीस हात खोल. बारा हातांपर्यंत पायऱ्या, तिथं बसण्याएवढा धक्का, त्याखाली सरळ भिंत. पावसाळ्यात पाणी वर चार हातांवर यायचं, चैत्रात तळाला दोन हात उरायचं. काठावरच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड होते, त्या आसरा, पाण्यातल्या देवता. विहीर नानांच्या आज्यानं बांधलेली. नाना म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, निझामाच्या राजवटीत उर्दूत शिकलेले. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते तरणे होते. हिशेब पुटपुटताना बेरीज-वजाबाकीला जमा-तफरीक म्हणायचे. उणे संख्येला उर्दूत मनफी म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं.

एका चैत्रात माझ्या मनात आलं की अंगणातला आडवा पट्टा विहिरीत उभा केला तर. जमीन म्हणजे शून्य. खाली प्रत्येक हातावर एक आकडा, उणे एक, उणे दोन, असं तळापर्यंत. रोज एका पोरानं जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वर्गात फळ्यावर लिहायचं. पाणी उणे सोळावरून उणे चारावर आलं म्हणजे किती चढलं, हे मग मास्तरनं सांगायला नको. मी नानांकडं परवानगीला गेलो. ते उत्साहानं ऐकत होते. उणे एक, उणे दोन म्हटल्यावर त्यांचा हात वर झाला.

“आकडे काढा. उणं लिहायचं नाय आसरांच्या हिरीवर.”

हे ज्यांना वेडगळ वाटेल त्यांनी आपल्या घरचं आठवावं. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. त्या गावात तसं पाण्याचं होतं. विहीर आटली असं कुणी म्हणायचं नाही, पाणी खाली बसलं म्हणायचं. घागर घेऊन येणाऱ्या बाईला पाणी आहे का विचारलं तर ती नाही म्हणायची नाही, उद्या येईल म्हणायची. अशा विहिरीच्या अंगावर पांढऱ्या रंगात अठरा वेळा उणं काढायचं हे नानांना सोसणारं नव्हतं. मीही त्याच मातीतला, बिडकीनकडचा. मला ते कळलं. खरं म्हणजे मला सोपं वाटलं. चिन्ह गाळलं की परवानगी मिळत होती, आणि शिकलेल्या पोरांना चिन्हाची गरज काय, जमिनीखालचं सगळं उणेच.

आकडे काढायचं काम सरूचं, तिचं अक्षर टपोरं होतं. पायऱ्यांवरून बारापर्यंत सहज झाले. खालच्या सहा आकड्यांसाठी मी देवगावच्या एका रंगाऱ्याकडून बांबूची शिडी मागून आणली, ती तळाच्या दोन हात पाण्यात उभी केली आणि धक्क्यावरून मी आणि एक मोठा पोरगा ती धरून राहिलो. अठरा काढून ती वर आली, हाताला रंग, आणि पहिल्यांदा ती माझ्याशी वाद घालायला उभी राहिली.

“गुरुजी, हे चूक हाय.”

मी तिला नानांचं सांगितलं. जाणणाऱ्याला कळतं, म्हणालो.

“अन् न जाननाऱ्याला?”

न जाणणारा विहिरीत आकडे बघायला कशाला येईल, असं मी हसून म्हणालो. त्या उत्तरावर मी खूश होतो, बघा. दोन दिवसांनी ती पुन्हा आली आणि शिडी अजून शाळेत आहे का विचारू लागली. कशाला, तर खालचे आकडे नीट करायचेत. मी म्हटलं, नीटच झालेत ते, सुरेख झालेत, आणि शिडी कालच परत केली. ती गेली. मला वाटलं, कुठं रंग ओघळला असेल.

पुढचं वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं वर्ष. फळ्याच्या कोपऱ्यात रोज विहिरीचा आकडा लिहिला जायचा, तोही चिन्हासह, वर्गात कुणाची हरकत नव्हती. जुलैत पाणी चढू लागलं तेव्हा पोरं सुट्टीतही बघायला जायची. उणे अकरा मोठे की उणे सात, हा पुस्तकातला प्रश्न, ज्यात वर्षानुवर्षं निम्मा वर्ग चुकायचा. त्या वर्षी एकही पोर चुकलं नाही. घरी घागरी भरणारी लेकरं ती, उणे सातावरचं पाणी जास्त हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. शिक्षण विस्तार अधिकारी तपासणीला आले, विहिरीवर जाऊन उभे राहिले, पोरांना उलटसुलट विचारलं आणि मला म्हणाले, तुमचं नाव जिल्ह्याला आदर्श शिक्षकासाठी पाठवतो. त्यांनीही चिन्ह नाही हे बघितलं नाही. मी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर आप्पा मेंढरं घेऊन खाली गेले. सरू राहिली. वसतिगृहाचा फॉर्म मी माझ्या हातानं भरला, तिनं खाली सही केली.

चैत्र संपत आला होता. सातवीच्या परीक्षेला आठवडा होता, शाळा सकाळची. गावात लग्न होतं. दुपारी वऱ्हाडातली चार-पाच तरणी मंडळी उन्हाला कंटाळून विहिरीवर पोहायला गेली. गावातलं कुणी त्यांच्याबरोबर नव्हतं, सगळे पंगतीत. त्यातला एक, नवऱ्या मुलाचा आत्तेभाऊ, गोदाकाठच्या गावचा, पट्टीचा पोहणारा. धक्क्यावर उभा राहून त्यानं खाली बघितलं. पाणी हिरवं, तळ दिसत नाही. पाणी टेकलं होतं तिथं भिंतीवर मोठ्या टपोऱ्या अक्षरात अठरा.

त्यांच्याकडच्या पुलाच्या खांबांवर असे आकडे असतात. तिथं पाणी ज्या आकड्याला टेकतं तेवढी पाण्याची खोली. त्याच्या सोबत्यांनी नंतर सांगितलं, तो म्हणाला होता, अठरा हात पाणी आहे, उन्हाळ्यातही. आणि डोकं खाली करून त्यानं उडी घेतली. पाणी दोन हात होतं.

मी पोचलो तेव्हा त्याला धक्क्यावर आणलेलं होतं. मान कशी होती ते लिहीत नाही. औरंगाबादला नेताना वाटेतच गेला. मांडवातले वाजंत्री थांबले होते, आणि बायकांचा आवाज शाळेपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा झाला. जमादार नवखा होता, नाइलाजानं लिहीत होता. विहिरीवर हे आकडे कशाचे, त्यानं विचारलं. नाना माझ्या उजव्या हाताला उभे होते. मी सांगितलं, शाळेच्या पोरांना गणित शिकवायला. कुणी काढले? इथं मी पूर्ण सांगितलं असतं तर या लेखाची गरज नव्हती. मी काढायला लावले, आकड्यांआधी उण्याचं चिन्ह हवं होतं, ते मी गाळायला लावलं, एवढं एक वाक्य होतं. माझा आदर्श शिक्षकाचा कागद जिल्ह्याच्या कचेरीत पडून होता, हे मला त्या क्षणी आठवलं. विसरलो होतो असं म्हणणार नाही.

मी म्हणालो, “मुलांनी काढलेत. अक्षर सरूचं आहे.”

यात खोटं काय होतं? काही नाही. जमादारानं लिहून घेतलं आणि कुठली सरू ते विचारलं. बिरू मेंढक्याची, असं मागून कुणीतरी सांगितलं. नानांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. तेही बोलले नाहीत. आम्ही दोघं त्यानंतर सहा वर्षं एका गावात राहिलो, शाळा समितीच्या बैठकीला शेजारी बसलो, पंचनाम्याचा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

पोलिसांनी त्या लेकराला काहीच विचारलं नाही. अपघात म्हणून कागद बंद झाला. पण गावाला कागद लागत नाही. दुपारपर्यंत पारावर सुरू झालं की आसरांच्या विहिरीवर पोरीनं आकडे काढले, त्यांनी बळी घेतला. कुणी म्हणालं खोटा आकडा काढला. संध्याकाळी मुलाच्या घरच्या बायका कोंडाबाईच्या दारात जाऊन बोलून आल्या. काय बोलल्या ते मला नंतर कळलं, आणि मुलगा गेलेल्या घरच्या बायकांना मी नावं ठेवणार नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्या बोलल्या. जे सांगितलं गेलं नव्हतं ते माझ्याजवळ होतं.

सरू त्यानंतर शाळेत आली नाही. मी दोनदा कोंडाबाईच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. सातवीच्या पोरांना सांगितलं की तिला ताप आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आप्पा आले. निरोप कुणी पाठवला कोण जाणे, दोन दिवस चालत आले होते. शाळेच्या दारात काठी टेकून उभे राहिले, आत आले नाहीत. सरू त्यांच्या मागं, पिशवी घेऊन. मी बाहेर जाऊन हात जोडले. एक आठवडा थांबा म्हणालो, नुसते पाच पेपर आहेत, वसतिगृहाचं पक्कं झालंय. गावाचं तोंड मी बंद करतो असंही म्हणालो. ते कसं करणार होतो, ते मला ठाऊक होतं. त्याला एकच वाक्य लागत होतं.

“मास्तर, तुम्ही पोलिसाला काय सांगितलं?” आप्पांनी विचारलं.

“जे खरं ते,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. “मंग झालं. तुमच्या जबानीवर ठिवली हुती, तुमच्याच जबानीवर नेतो.”

सरूनं पिशवीतून शाळेची दोन पुस्तकं काढून माझ्या हातात दिली, आणि चिंचोक्यांचा डबा, जो तिच्याकडं जपायला दिला होता. ती माझ्याकडं बघत होती. वर्गात फळ्यावर काही राहिलं की बघायची तशीच. मला वाटलं आता बोलेल. ती पिशवी उचलून वळली. दोघं जिल्हा रस्त्याकडं गेले, आणि मी डबा घेऊन वर्गात आलो, तिथं पोरं उद्याच्या परीक्षेची उजळणी करत होती.

पुढचं आधीच सांगून टाकतो. सप्टेंबरात मला शाल आणि नारळ मिळाला. सत्काराला नाना आले होते, बोलले चांगलं. खेळ मी पुढंही शिकवला, शेवटच्या वर्षापर्यंत, शेकडो पोरांना उणे संख्या त्यातून कळल्या, ते श्रेय माझं आहे आणि ते मी सोडत नाही. विहिरीचा मात्र कधी विषय काढला नाही. फार वर्षांनी बिडकीनच्या बाजारात आप्पा भेटले, कोकरं विकायला आले होते. त्यांनी रामराम केला, मीही केला. सरूचं विचारलं. दिली पैठणकडं, म्हणाले, दोन लेकरं हायेत. सुखी आहे का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. गिऱ्हाईक आलं आणि ते वळले.

आता राहिलं ते एकच, आणि त्यासाठीच हा कागद घेतला.

सरू गेली त्याच्या चौथ्या दिवशी, परीक्षा चालू असताना, मी दुपारी पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन विहिरीवर गेलो. वाटेत नाना भेटले. त्यांनी डबा बघितला.

“लिहा आता,” ते म्हणाले, आणि घराकडं वळले.

मी पायऱ्या उतरलो. वर्षभर मी विहिरीचे आकडे समोरच्या काठावरून बघत आलो होतो. पोरंच खाली जायची. बघायचा तो आकडाही पाणी टेकलेलाच, वरच्यांकडं लक्ष देण्याचं कारण नव्हतं. पहिल्या पायरीवर बसलो, कुंचला बुडवला, आणि एकाच्या आकड्याआधी हात नेला. तिथं दगडावर एक ओरखडा होता. बोटाच्या पेराएवढा, आडवा, सरळ. काळ्या दगडात काळी रेघ, हातभर अंतरावरूनही दिसली नसती. मी दोनाकडं बघितलं. तिथंही होता. तीन, चार. पायरीमागून पायरी उतरत गेलो, बोट फिरवत. प्रत्येक आकड्याच्या आधी एक रेघ, खोल कोरलेली, सगळ्या एका मापाच्या. बारापर्यंत.

कोंडाबाई घागर घेऊन वर काठावर आली होती. माझा हात भिंतीवर बघून ती थांबली.

“तिनंच केलंया ते,” ती म्हणाली. “आकडे काढले त्याच आठवड्यात. इळ्याचं टोक मोडून आली घरी, म्या मारली तिला. उद्या शिडी मिळाली तर ऱ्हायलेलं करते म्हनाली. तुमच्याकडं शिडी मागाय येनार हुती. आली न्हवती का?”

“आली होती,” मी म्हणालो.

कोंडाबाईनं घागर बुडवली नाही. तशीच कमरेवर घेऊन गेली. मी धक्क्यावर बसलो. खाली तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा, तिच्या टपोऱ्या अक्षरातले, चिन्हाविना. तिथवर हात पोचत नव्हता. शिडीशिवाय ते होणारं नव्हतं, आणि शिडी मी परत केली होती.

जुन्या पंचनाम्यात आता काही दुरुस्त होत नाही, असं एका वकील मित्रानं मला मागं सांगितलं. त्या कागदावर माझ्या सहीनं एवढंच राहिलंय, की अक्षर सरूचं आहे. म्हणून इथं लिहून ठेवतो. विहिरीवरचे अठराही आकडे तिनं काढले. त्यातल्या बारांना चिन्ह होतं, तेही तिनंच घातलं. खालच्या सहांना नव्हतं. ते माझं.